आवक क्रमांक सतरा

लिफाफा जोवर फोडला जात नाही, तोवर त्यातला मजकूर कोणावरही बंधनकारक नसतो. सारे कार्यालयीन जीवन या एका सत्यावर उभे आहे. लिफाफा आला, त्यावर शिक्का बसला, क्रमांक पडला की तो 'प्राप्त' होतो. फोडला की मात्र सात दिवसांत कार्यवाही करावी लागते. म्हणून शहाणी माणसे नुसतीच प्राप्त करतात.

शिक्केसाहेब अशा शहाण्यांपैकी होते. (हे नाव शिपायांनी ठेवलेले. साहेब ते कधीच नव्हते.) आवक-जावक विभागात तीस वर्षे शिक्के मारून अंगी बाणलेल्या शिस्तीचा लाभ त्यांनी स्वतःच्या प्रकृतीलाही दिला होता. घरी त्यांची एक नोंदवही होती. गेल्या वर्षभरात तीत एक्केचाळीस आजार दाखल झाले: पोटाचे अठरा, हृदयाचे अकरा, मेंदूचे चार, आणि उरलेले आठ असे, की ज्यांची जागा अद्याप निश्चित व्हायची होती. पैकी सहा जीवघेणे होते. सहाही वेळा दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर हजर होते, याची वरिष्ठांनी कधी दखल घेतली नाही.

नोंदी नेमक्या असत. 'डावा खांदा जड. संशय हृदयाचा. डब्याची पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. प्रकरण निकाली.' किंवा: 'जिभेवर निळा डाग. मोबाईलवर वाचले, तीन महिने उरलेत. पेन तोंडात धरत जाऊ नका, असे पत्नीचे म्हणणे. निकाली, पण नाराजीने.'

कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाई त्यांना पाहिल्याबरोबर तपासणीची चिठ्ठी लिहून देत. एकदा खात्री झाली की माणूस शांत होईल, असा त्यांचा भाबडा समज होता. शिक्केसाहेब उपाशीपोटी रक्त देत, संध्याकाळी अहवालाचा बंद लिफाफा घेऊन येत, त्यावर 'आवक' असा शिक्का मारत, क्रमांक घालत आणि कपाटात ठेवून कुलूप लावत. फोडत नसत. आत काही भलतेसलते निघाले तर? आणि काहीच निघाले नाही, तर एवढी वर्षे जपलेली काळजी कुठे ठेवायची? डॉक्टरबाईंनी विचारलेच, तर 'प्रक्रियेत आहे' असे ते नम्रपणे सांगत.

असे सोळा लिफाफे जमले. सोळाव्याबरोबरच आलेला सतरावा त्यांच्या बायकोचा होता.

त्याचे असे झाले. नवऱ्याला दवाखान्यात पोचवायला आलेली ही बाई बाकावर बसल्या बसल्या पेंगताना डॉक्टरबाईंना दिसली. त्यांनी तिचेही रक्त तपासायला पाठवले. संध्याकाळी शिक्केसाहेबांनी दोन्ही लिफाफे आणले, आणि हात सवयीचा असल्यामुळे दोन्हींवर शिक्का मारून दोन्ही आत टाकले.

"माझा रिपोर्ट आला का हो?" तिने विचारले.

"आला," ते म्हणाले. यात एक अक्षरही खोटे नव्हते.

एका शिंकेवर घरभर सभा भरवणारा हा माणूस गप्प आहे, म्हणजे आपले सगळे ठीक असणार, असे तिने धरले. तिने पुढे काही विचारले नाही, म्हणजे तिचे सगळे ठीक असणार, असे त्यांनी धरले. अशा रीतीने कोणीही काहीही न वाचता चार महिने घर निरोगी राहिले.

या चार महिन्यांत ती जिना चढताना मध्येच बसू लागली. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. भर उन्हाळ्यात तिला शाल लागे. भाजी निवडता निवडता तिचा डोळा लागे, आणि शिक्केसाहेब तिला हलवून उठवत, कारण त्यांच्या छातीत धडधडत असे.

एका सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली. त्यांनी डॉक्टरबाईंना हाताला धरून घरी आणले.

"चार महिन्यांपूर्वी यांचं रक्त तपासलं होतं. काय निघालं त्यात?"

"आवक क्रमांक सतरा," शिक्केसाहेब म्हणाले.

"पण निघालं काय?"

कुलपाला किल्ली तिसऱ्या खेपेस लागली. तो लिफाफा त्यांनी स्वतः फोडला. तीस वर्षांत प्रथमच त्यांना खरी भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

थायरॉईड पार मंदावलेला, रक्त निम्म्यावर आलेले. खाली छापले होते: 'डॉक्टरांना तातडीने भेटा.'

"साध्या गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजूनही होईल. पण आता वेळ लागेल."

आठवडाभराने उशीला टेकून बसता येऊ लागल्यावर बायकोने उरलेले सोळा लिफाफे मागवले आणि भाजीच्या सुरीने सरासर फोडले. दहा मिनिटे लागली. सोळाच्या सोळा अहवाल उत्तम होते. शिक्केसाहेबांचा चेहरा पडला. प्रयोगशाळेच्या दर्जाबद्दल त्यांनी शंकाही व्यक्त केली.

"अहो, तुम्हाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "झालं होतं ते मला. तेही तुमच्याच कपाटात होतं."

हल्ली कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. रोज सकाळी सहाला ते तिला गोळी देतात, ती गिळेपर्यंत समोर उभे राहतात आणि वहीत शिक्का मारतात: 'जावक'.

असा माणूस आपल्या घरात नाही, याचे वाचकांना समाधान वाटले असेल. ते रास्तच आहे. फक्त नोंदीसाठी: मघाशी जिना, केस आणि शाल ही लक्षणे वाचताना तुम्हाला तुमचाच कंगवा आठवला. घरातले दुसरे कोणी हल्ली जिन्यात मध्येच बसते का, हे अजूनही आठवलेले नाही.