मेश्रामकाका आणि रांगोळीतलं गाव

मेश्रामकाकांनी एकदा आमगावकडच्या एका सरपंचाला भर चौकात एका पायावर उभं केलं होतं.

आमची गोंदियाची सामाजिक संशोधन संस्था, काका तिथले जुने कर्मचारी. गावाच्या विकासाचं काही ठरवण्याआधी गावकऱ्यांकडूनच चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्यायचा, ही आमची पद्धत. सरपंच बोलता बोलता नकाशात शिरले आणि काका काठी घेऊन धावले.

"पाय खाली नोका ठेवू, साहेब! तिथं बुधाबाई सयपाक करून रायली ना!"

सरपंच धानाच्या बांधीतल्या बगळ्यासारखे उभे. खरी बुधाबाई शेजारीच तोंडाला पदर लावून हसत होती.

नकाशाचा फोटो निघाला की आमचं काम संपायचं. काकांचं नाही. कोंबड्या, शेळ्या, पोरं, सगळ्यांना हाकलत ते उभेच. आणि तोंडी एकच प्रश्न, "कोनाचं घर रायलं का, बाप्पा?" मग हमखास कुणाला तरी तलावापलीकडची एखादी झोपडी आठवायची आणि आमचं जेवण आणखी लांबायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, एका घरानं असा काय फरक पडतो?"

"तुहं रायलं असतं म्हंजे समजलं असतं," काका म्हणाले. त्यानंतर मी उपाशीपोटी गप्प बसायला शिकलो.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी काम निघालं ते थेट त्यांच्याच गावात, अर्जुनी मोरगावकडे. आईवडील गेल्यापासून तिथं त्यांचं कुणी नव्हतं. गोंदियात भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. त्या दिवशी मात्र नवा शर्ट, केसांना चापून तेल. गावातल्या पोरींनी भराभर रांगोळीने गाव काढलं.

"कोनाचं घर रायलं का?"

"नाही, काका."

"नीट पाहा ना."

"नाही रायलं."

चिंचेजवळ काकांचं घर कधीच पडलं होतं. नकाशात तिथं पोरींनी मोकळी जागा सोडली होती. काकांनी काठी भिंतीला टेकवली. एक शेळी खुशाल नकाशात शिरली, तरी ते हलले नाहीत. मला बघवेना.

तेवढ्यात त्यांच्या आईची मैत्रीण, एक वाकलेली म्हातारी, पुढे आली. "काऊन रे बाबू, तुहंच रायलं ना!" म्हणत तिने चिमटीत रांगोळी घेतली आणि चिंचेजवळ चौकोन काढून त्याला दार ठेवलं.

काका बघत राहिले. मग डोळे पुसत खेकसले, "दार तिकडं नोको, माय. चिचेकडं होतं."

म्हातारीने बोटाने पुसून दार चिंचेकडे केलं. काकांनी काठी उचलली आणि शेळीवर धावले.

"हट्! घर दिसून नाही रायलं का तुले?"