पायडलचा वारा

ठकीला झोपवता झोपवता ठकीच्या आईचा घसा बसला होता आणि एका पायाला मुंग्या आल्या होत्या. पोर पाळण्यात टेकते न टेकते, तोच छताचा पंखा गचके खात थांबला. भर दुपारी वीज गेली.

ठकीच्या आईने घाईने पाळण्याला झोका दिला. रात्र पोरीने जागवून काढली होती. आता डोळा लागला नाही, तर संध्याकाळी आपण दाराशीसुद्धा भांडू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घाबरू नकोस," ठकीचे बाबा कुजबुजले. ते शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून घरीही त्यांना सगळे मास्तरच म्हणत. "वीज आपण घरीच करू."

"करा, पण आवाज न करता."

शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेली सायकल मास्तरांनी आत आणली. मागचं चाक स्टँडवर अधांतरी, आऱ्यांना बांधलेली लोहचुंबकं आणि चाकाला खेटून तांब्याच्या तारेची गुंडाळी. "चुंबक गुंडाळीसमोरून सरकलं की तारेत वीज खेळते," असं म्हणत त्यांनी टेबलावरचा चिमुकला पंखा जोडला आणि ते स्वार झाले.

पंखा फिरला. ठकीच्या जावळाची एक बट उडाली. ठकीच्या आईला बऱ्याच महिन्यांनी नवऱ्याविषयी आदर वाटला.

तो टिकला मात्र मास्तरांना घाम फुटेपर्यंतच.

"एवढं जड का जातंय रे?" आतल्या खोलीतून आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"वीज घेऊ लागलं की गुंडाळी चुंबकाला अडवते, आई. फुकट नाही देत."

"मेली लेकाचा जीव घेईल माझ्या," म्हणत सासूबाई वर्तमानपत्राने त्यांना वारा घालू लागल्या.

ठकीच्या आईने बघितलं. सासूबाई मास्तरांना वारा घालताहेत, मास्तर पंखा फिरवताहेत आणि पंखा ठकीला वारा घालतोय.

"आई, तो पेपर सरळ ठकीकडेच हलवला तर?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले.

एवढ्यात पेपरचा फटका बसून ठकीचा पत्र्याचा खुळखुळा स्टुलावरून उडाला. चाकावरच्या चुंबकाने तो वरच्या वर झेलला. खुळखुळ, खुळखुळ. मास्तरांचे पाय जागीच थिजले. आवाज थांबताच ठकीने ओठ काढला.

"मारा, मारा पायडल," ठकीची आई दबक्या आवाजात म्हणाली.

खुळखुळ. ओठ आत गेला. ठकी घोरूच लागली.

"मग त्या तारा तरी काढ," सासूबाई म्हणाल्या. "वारा मी घालते." तारा काढल्यावर पायडल अगदी हलकं झालं. आता विजेचा एक थेंबही कुठे जात नव्हता, पण झोप मात्र भरपूर येत होती. ठकीची आई पाळण्याशेजारी कधी कलंडली, तिचं तिलाच कळलं नाही.

मग वीज आली. छताचा पंखा गरगरला. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकून पाय थांबवले. पाळण्यातून ओठ बाहेर आला.

"अहो," डोळे न उघडता ठकीची आई म्हणाली.

मास्तर पुन्हा पायडल मारू लागले. "आई, जरा वेळ तू बसतेस का?"

"मला कुठे सायकल येते," म्हणत सासूबाईंनी सुनेच्या अंगावर चादर पसरली आणि त्याही शेजारी आडव्या झाल्या. वर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. खाली तीन बायका गाढ झोपल्या होत्या, आणि मास्तर सायकल हाणत होते, वेग जरासुद्धा कमीजास्त न होऊ देता.