सासऱ्यांच्या गाडीचं अस्सल इंजिन

इंजिनाच्या बाबतीत मला फसवील असा माणूस ओहायोत अजून जन्मायचाय! मागच्या मे महिन्यापर्यंत मी हे छातीठोकपणे सांगत असे.

गाडी १९७१ सालची. लांबलचक नाक, दोन दारं, नारिंगी रंग, आणि आठ सिलिंडरचं असं इंजिन की ते सुरू केलं की शेजारणीच्या कपाटातल्या बश्या नाचायला लागायच्या. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या गावात त्यावरून ठरलेली लग्नं मोडली आहेत. गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची. ऑर्व्हिल स्टकी, वय वर्षं एक्याऐंशी, कान मांजराचे! तीन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगी देताना कोरडे होते.

"मर्ल, कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून हेच इंजिन आहे हो! सांभाळ."

मी सांभाळलं. म्हणजे, एका शनिवारी ऑइल बदलायला घेतलं. जुनं काढलं, खालचा बोल्ट आवळला, आता नवं ओतणार, तेवढ्यात लॉर्नानं, माझ्या बायकोनं, जेवायला हाक मारली. भाजलेलं चिकन होतं. दोनदा वाढून घेतलं आणि खुशीत तसाच गाडी घेऊन फिरायला निघालो. समोर लाल दिवा लागला. मला वाटलं, हँडब्रेकचा असेल. नवव्या मैलावर आतून आवाज आला, कुणीतरी जिन्यावरून भांड्यांची मांडणी ढकलून दिल्यासारखा. मग काहीच आवाज येईना. ते जास्त वाईट होतं.

"कार्ब्युरेटर साफ करायचाय," मी लॉर्नाला सांगितलं.

"तीन आठवडे?"

"घाण फार आहे गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. जुलैच्या जत्रेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, आणि यंदा गाडी सासरेबुवा स्वतः चालवणार होते. त्याआधी दुसरं इंजिन बसवायचं, तेही असं की मांजराच्या कानांनाही कळू नये!

कारखान्यातून खोक्यात पॅक होऊन येणारं कोरं इंजिन मी ऐकून आलो. ते मांजरीसारखं गुरगुरत होतं. आमचं सिंहासारखं गुरगुरायचं. बाद! मग भंगारवाल्याकडे गेलो.

"हे घ्या," तो म्हणाला. "एका म्हातारीचं होतं. फक्त रविवारी चर्चला जायची."

मी वाकून पाहिलं. झाकणावर शर्यतीचा नंबर रंगवलेला होता.

"हे काय?"

"चर्चला उशिरा निघत असेल बिचारी."

मी काढता पाय घेतला. पण त्या दिवसापासून मनात शंकेची पाल जी चुकचुकायला लागली, ती गप्प बसेना. मला सगळं जग चोर दिसायला लागलं. पोस्टमननं "गाडी कशी आहे?" विचारलं तर मी उलट विचारलं, "का? कुणी सांगितलं?"

आणि मग धान्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. 'आठ सिलिंडर, १९७१, अस्सल. कधी उघडलेलं नाही.' खाली हॅच नावाच्या निवृत्त न्हाव्याचा पत्ता.

हॅचच्या कोठारात ताडपत्रीखाली इंजिन होतं. "कुणाचं हे?" मी विचारलं.

"मित्राचं."

"कोण मित्र?"

"तुम्हाला इंजिन हवंय का मित्र?"

इथं नक्की पाणी मुरत होतं! आमच्या गाड्यांच्या इंजिनावर गाडीचाच नंबर ठोकलेला असतो. हॅच कॉफी आणायला आत गेला तसा मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, नंबर तळहातावर उतरवून घेतला आणि घरी येऊन कागदांशी ताडून पाहिला. तो माझ्याच गाडीचा नंबर होता! धावत जाऊन गाडीतल्या इंजिनाचा नंबर पाहिला. तो भलताच!

म्हणजे कुणीतरी माझ्या गाडीतलं अस्सल इंजिन पळवून त्या जागी दुसरं बसवलं होतं! मी ताबडतोब शेरीफच्या कचेरीत फोन लावला.

ग्रेटा आली. ती शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. आता कमरेला पिस्तूल लावते. आम्ही दोघं हॅचच्या कोठारात उभे राहिलो. हॅचचा चेहरा पडला. त्यानं मित्राला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "पोलीस आलेत, लवकर ये!"

ग्रेटानं वही उघडली. "तर मर्ल, तुझ्या गाडीचं इंजिन चोरीला गेलंय?"

"हो!"

"मग गाडीत आता काय आहे?"

"इंजिन."

"चालतं?"

"चालायचं."

"मग काय झालं त्याला?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आधी लॉर्ना आत आली आणि तिच्या मागून तिच्या दंडाला धरून, पांढरेफटक पडलेले सासरेबुवा!

"मर्ल? तू इथं?" लॉर्ना म्हणाली.

"बाबा? तुम्ही इथं?" मी म्हणालो.

"मर्ल, मी विचारलं, इंजिनाला काय झालं?" ग्रेटा पेन्सिल सरसावून म्हणाली. पोलिसांना माणसाची अडचण कळत नाही!

"ऑइल नव्हतं," मी म्हणालो.

"का नव्हतं?"

"चिकन होतं."

सासरेबुवा आता माझा गळा धरणार, म्हणून मी डोळे मिटले. पण ते हळूच एका डब्यावर बसले.

"अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा," ते टोपी काढत म्हणाले. "रेडिएटरमध्ये गोठू नये म्हणून घालतात ना ते औषध, ते घालायचंच राहिलं. आतल्या पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिनाला ही अशी चीर गेली! हॅचनं आणि मी इथंच दोन दिवसांत दुसरं बसवलं. हे इथंच लपवून ठेवलं होतं, आता विकून मोकळा होणार होतो. लॉर्ना, तुझ्या आईला तेव्हा सांगितलं, कार्ब्युरेटर साफ करतोय."

"आपल्या घरातले कार्ब्युरेटर फारच स्वच्छ दिसतात!" लॉर्ना म्हणाली.

"पण तुम्ही लिहिलंय, कधी उघडलेलं नाही!" मी हॅचवर उसळलो.

"आम्ही कुठं उघडलं?" हॅच म्हणाला. "ते आपलं आपणच उघडलं."

ग्रेटानं वही मिटली. हसू दाबून ती कशीबशी गाडीत जाऊन बसली, पण नंतर बराच वेळ गाडी हलत होती आणि सुरू मात्र झालेली नव्हती.

"आता इंजिन मी निवडणार," लॉर्ना म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथं पाव पोचवणारी जुनी गाडी भंगारात निघाली होती. कंपनी तीच, सिलिंडर आठ, आणि चालकानं एकवीस वर्षं प्रत्येक वेळी ऑइल बदलल्याची तारीख टिपून ठेवलेली. मला आणि सासऱ्यांना हे सगळं भयंकर संशयास्पद वाटलं. एवढा प्रामाणिक माणूस असेलच कसा? आम्ही दोन दिवस दोष शोधत होतो. एकच सापडला. इंजिन तापलं की दालचिनीच्या पावाचा वास यायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी सासरेबुवांनी किल्ली फिरवली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हुबेहूब!" आम्ही दोघांनी एकमेकांचे हात दाबले. त्या क्षणी आमच्यात जे नातं जुळलं ते लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत जुळलं नव्हतं.

परीक्षकबाई आल्या. झाकण उघडून वाकल्या.

"सगळं अस्सल!" सासरे म्हणाले.

लॉर्नाला खोकला आला. बाईंनी इंजिनावरचा नंबर वाचला, हातातलं पुस्तक उलटून पाहिलं, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि काहीही न बोलता वहीत लिहिलं. न बोलणाऱ्या परीक्षकावर कधी विश्वास ठेवू नये!

संध्याकाळी निकाल लागला. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. मालवाहू गाड्यांच्या गटात! सासऱ्यांनी फीत छातीवर लावली आणि आठवडाभर काढली नाही. त्या गटात गाड्या तीनच होत्या, हे खरं आहे. दुसरा नंबर एका निवृत्त शववाहिनीला गेला, आणि ती तर ढकलत आणली होती.