गव्हर्नरांनी दिलेली पेटी

गव्हर्नर झालेल्या नटाच्या हनुवटीवरचा तीळ चार मिलिमीटर डावीकडे सरकला होता. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. युफेमियाच्या आलं, कारण खरा तीळ तिने तीन वेळा अगदी जवळून पाहिला होता: स्वतःच्या लग्नात, मुलीच्या बाप्तिस्म्याला आणि नवऱ्याला पुरताना. तिन्ही वेळा तिने वाकून गव्हर्नरांचा हात कपाळाला लावला होता.

फिलिपिन्समधल्या समर बेटावरच्या त्या गावात असं न केलेला माणूस सापडणं कठीण. प्रांताचे गव्हर्नर निम्म्या पोरांचे निनोंग, म्हणजे बाप्तिस्म्यातले धर्मपिता. कुणी मेलं की त्यांच्याकडून पांढरी शवपेटी यायची. मग वादळात सरकारी निवारा कोसळून आत एकोणीस माणसं मेली आणि बांधकामाचा पैसा गव्हर्नरांनीच खाल्ल्याचं बाहेर आलं. मेलेल्यांत युफेमियाचा नवरा डेल्फिन होता. त्या एकोणीस पेट्याही गव्हर्नरांनीच धाडल्या.

युफेमिया त्या बांधकामावर मजुरांचा भात रांधायची. खांबांत सळ्या घातल्याच नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. वकील सालुदबाई दोन वर्षं तिला साक्ष द्यायला विनवत होत्या. ती दर वेळी ‘विचार करून सांगते’ म्हणायची. ज्याच्या पेटीत नवऱ्याला पुरलं, त्याच्याविरुद्ध जीभ रेटत नव्हती. साक्षीदारांची नावं द्यायची मुदत सोमवारी संपत होती, आणि आज शुक्रवार होता. जामिनावर सुटलेले गव्हर्नर मनिलात खटल्याची वाट पाहत होते, आणि गावात त्यांच्यावरच्या सिनेमाचं चित्रण चाललं होतं.

प्रसंग अटकेचा. बेड्या घातलेला नट चर्चसमोरच्या चौकात गाडीतून उतरणार आणि गावकऱ्यांनी ‘चोर, चोर’ ओरडायचं. बदल्यात एक वेळचं जेवण. नट उतरला. ऐंशीच्या घरातल्या बासिलियाकाकी पुढे झाल्या आणि त्याचा हात कपाळाला लावून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे रांग लागली. बेड्यांमुळे दर वेळी दोन्ही हात वर यायचे.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. “काकी, हे ते नाहीत. हा नट आहे.”

“ठाऊक आहे मला. म्हातारी झालेय, आंधळी नाही,” काकी म्हणाल्या. “पण तोंड त्यांचंच आहे ना? न वाकता कसं जायचं पुढून?”

दुसऱ्यांदा लोक ओरडले, पण आधी रांगेने हात कपाळाला लावून. दिग्दर्शकाने शेजारच्या गावातून माणसं आणवली. तीही त्यांचीच धर्मलेकरं निघाली. दुपारपर्यंत नटालाही मान मानवू लागला. तो लोकांच्या तब्येती विचारू लागला.

तेवढ्यात इस्को कोळी आला. त्याची आई पहाटे दवाखान्यात वारली होती. घरी न्यायला पेटी हवी होती, आणि पेटी कुणाकडे मागायची हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. नटाने त्याच्या खांद्यावर बेड्यांसकट हात ठेवले आणि गंभीरपणे मान हलवली. त्याला वाटलं, अभिनय चाललाय. इस्कोला वाटलं, मंजुरी मिळाली. पुढच्या प्रसंगासाठी चर्चच्या भिंतीलगत एकोणीस पांढऱ्या पेट्या रचल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली.

तासाभराने चार कोळी पेटी खांद्यावर घेऊन चौकातून निघाले. टोप्या उतरल्या. कॅमेरावाल्याला आपलाच प्रसंग सुरू झाला असं वाटून त्याने चित्रण चालू केलं. बरोबर चौकाच्या मध्यावर पेटीचा तळ फाटला, आणि इस्कोच्या आईचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत खाली लोंबू लागले.

दिग्दर्शक धावत आला. घामाघूम होऊन सांगू लागला, की ही पेटी नुसती दिखाऊ आहे, पातळ प्लायची, वरून रंग फासलेला, यात माणूस ठेवायचा नसतो.

काकींनी वाकून फाटलेला तळ बोटांनी चाचपला.

“आमच्या ह्यांची अशीच होती,” त्या हळूच म्हणाल्या. “खऱ्यांनी दिलेली. स्मशानाच्या फाटकात तळ गेला. लुगडं बांधून नेलं मी. म्हटलं, दिलेल्या वस्तूला नावं कशाला ठेवा.”

“आमच्याला बांबू ठोकले होते खालून,” मागून कुणीतरी म्हणालं. मग तिसरा बोलला, चौथा बोलला. ज्याला त्याला वाटत होतं, की आपल्याच वाट्याला चुकून खराब पेटी आली, आणि ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

युफेमियाने डेल्फिनची पेटी जाळ्याच्या दोरीने सात ठिकाणी आवळली होती. वर फुलं पसरली होती, दोरी दिसू नये म्हणून. ती दोन वर्षं त्या पेटीला उपकार म्हणत आली होती.

तिने इस्कोच्या आईचे पाय उचलून धरले आणि बायकांनी पाठीवरून ओढण्या काढून खाली गुंडाळेपर्यंत तशीच उभी राहिली. पेटी पुढे गेली. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, की आता उजेड जायच्या आत एकदा तरी न वाकता ओरडा.

युफेमियाने तोंड फिरवून फोन कानाला लावला होता. लोक तिच्याकडे पाहत गप्प झाले, त्यामुळे ती हळू बोलली तरी चौकभर ऐकू गेलं.

“सालुदबाई, सोमवारची वाट बघू नका. माझं नाव आजच द्या. मी साक्ष देणार आहे.”