हिरव्या आठवड्यातला पिवळा डबा

त्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा गरम वारा सुटला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कडीना गावात हा वारा आला की शेतांतली तांबडी धूळ चहाच्या कपापर्यंत येते, आणि शहाणी माणसं खिडक्या लावून गप्प बसतात. आमच्या गल्लीतल्या नेव्हिल पास्कोनेही गप्पच बसायचं होतं. त्याला दुसरं काही कामच नव्हतं. दुपारी दोन वाजता ॲडलेडच्या मोठ्या डॉक्टरीणबाई फोनवर समोरासमोर दिसणार होत्या, तेव्हा त्याने खुर्चीत असायचं, एवढंच.

एवढंच म्हणतो खरा, पण नेव्हिलला एका जागी बसवणं म्हणजे बेडकांची मोजदाद. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. म्हणजे उघडतो. पुन्हा जोडायची वेळ आली की त्याला दुसरं एखादं यंत्र दिसतं. गावच्या डॉक्टरने त्याचा रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि सांगितलं, "नेव्हिल, तुझं लक्ष टिकत नाही हा आळस नव्हे, आजार आहे. यावर मोठ्यांनाही औषध असतं. पण ते मनाचे मोठे डॉक्टरच देतात." त्यांच्या रांगेत नेव्हिल गेल्या हिवाळ्यापासून होता. दोनदा नंबर लागला आणि दोन्ही वेळा तो विसरला. (विसरण्याच्या औषधासाठी आधी न विसरणं लागतं. ही युक्ती ज्याने काढली त्याला नमस्कार.)

ग्लेनिस, त्याची बायको, बेकरीत कामाला निघताना दारात थांबली.

"आज हुकलं तर रांगेच्या शेपटाला जाशील."

"माहीत आहे गं."

"आणि मी पोर्ट ऑगस्टाला बहिणीकडे. हेही माहीत असू दे."

ती हसत नव्हती. पस्तीस वर्षांचा संसार, आणि ग्लेनिस न हसता बोलते तेव्हा खरंच बोलते.

गावच्या डॉक्टरने गोळ्या मिळेपर्यंत करायचे उपाय सांगितले होते. समोर पसारा ठेवू नये. फोनवर गजर लावावेत. काम करताना शेजारी कुणाला तरी नुसतं बसवावं, म्हणजे मन जाग्यावर राहतं. "यातला एखादा करून बघ," असं डॉक्टर म्हणाला होता. नेव्हिलने विचार केला, एकच का? सगळेच करू, आणि आजच करू. सगळं बिनसलं ते इथे.

गजर त्याने आधीच लावले होते. आवाज निवडला होता कुकाबऱ्याचा, त्या माणसासारख्या खदाखदा हसणाऱ्या पक्ष्याचा, म्हणजे ऐकू आलं नाही असं व्हायला नको. एक गजर तर 'फोन कुठे ठेवलास ते बघ' एवढ्यासाठीच होता.

शेजारी बसायला समोरच्या मिसेस रॉडा आल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकेकाळी नेव्हिलला तिसरीत शिकवलेल्या. हातातलं विणकाम घेऊन त्या खुर्चीत बसल्या.

"तू तुझं कर. मी नाही बोलायची."

"मिसेस रॉडा, आज कचऱ्याचा वार. तुम्ही माझ्यासाठी अडकलात, तर तुमचा डबा मीच रस्त्याच्या कडेला काढतो."

आता आमच्या गल्लीची रीत सांगितली पाहिजे. लाल डबा, रोजच्या कचऱ्याचा, दर आठवड्याला गाडी नेते. पिवळ्या झाकणाचा, म्हणजे कागद-बाटल्यांचा, एका आठवड्याला, आणि हिरव्या झाकणाचा, पालापाचोळ्याचा, दुसऱ्या. आज कुठला हे कुणीही लक्षात ठेवत नाही. मिसेस रॉडांच्या दारात जो रंग दिसेल तो जो तो आपला काढतो. आजवर त्या कधी चुकल्या नाहीत.

नेव्हिलने त्यांचा पिवळा काढला. मग आपला पिवळा काढला. मग समोर पसारा नको म्हणून जेवणाच्या टेबलावरचे कागद, खोकी, जुनी वर्तमानपत्रं एका खोक्यात लोटली आणि ते पिवळ्या डब्यात रिकामं करायला गेला. आपला डबा भरला तेव्हा उरलेलं मिसेस रॉडांच्या डब्यात, त्याहून उरलेलं शेजारच्या ट्रेझाइसच्या डब्यात. तोवर गल्लीभर पिवळी झाकणं लागली होती. (माझंही. मी कशाला लपवू?)

टेबल लख्ख झालं. नेव्हिल खुर्चीत बसला, केस विंचरलेले, दोनला अजून वेळ. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेआधी तयार होता.

"शाब्बास," मिसेस रॉडा म्हणाल्या. "फोन कुठे आहे?"

तेवढ्यात रस्त्यावर कुकाबरा हसला.

नेव्हिल धावला. पिवळ्या डब्यांची रांग, आणि हसणं कुठल्या तरी एकातून. जवळ जावं तर ते थांबलं. ब्रायन ट्रेझाइस फाटकातून म्हणाला, "डब्यात पक्षी अडकलाय काय रे?"

"पक्षी नाही, डॉक्टर आहे!"

हे ऐकल्यावर कोण घरात बसेल? गल्ली जमली. दोनच्या ठोक्याला डब्यात पुन्हा वाजू लागलं, आणि या वेळी तो गजर नव्हता. ट्रेझाइसच्या डब्यात नेव्हिल डोकं खाली घालून कमरेपर्यंत उतरला आणि आतच त्याने फोन उचलला.

"मिस्टर पास्को? मी डॉक्टर पेट्राकिस. फार अंधार दिसतोय. कुठे आहात?"

"कचऱ्याच्या डब्यात, डॉक्टर."

"म्हणजे... मनाला तसं वाटतंय का?"

"नाही, खरोखर. कमरेपर्यंत."

लोकांनी पाय धरून नेव्हिलला बाहेर ओढला.

"मला तुमच्या लहानपणाबद्दल विचारायचंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तेव्हापासून ओळखणारं कुणी जवळपास आहे का?"

नेव्हिलने फोन वळवला. बाईंना अख्खी गल्ली दिसली.

"तिसरीत मी त्याला पेन्सिलीला टोक करून आण म्हणून पाठवलं," मिसेस रॉडा म्हणाल्या. "तो अजून यायचाय."

"माझं गवताचं यंत्र त्याच्याकडे आहे," ब्रायन म्हणाला. "आता त्या यंत्रावरच गवत उगवलंय."

डॉक्टरीणबाईंना फारसं विचारावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "मिस्टर पास्को, गोळ्या सुरू करू, अगदी थोड्यापासून. बोलून करायचे उपचारही असतात, सवयीही लावता येतात. पण एका वेळी एकच, बरं का. औषधाची चिठ्ठी आत्ता तुमच्या फोनवर पाठवते. ही जपा. या गोळ्यांची चिठ्ठी हरवली तर दुसरी सहज मिळत नाही."

नेव्हिलचे डोळे भरून आले. पोर्ट ऑगस्टा टळलं होतं. ब्रायनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

एवढ्यात मिसेस रॉडांनी रस्त्याकडे नीट पाहिलं. "आज हिरव्याचा आठवडा आहे. पिवळे कुणी काढले?"

"तुमच्या दारात दिसला म्हणून..."

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीचा घरघराट आला. मग जी पळापळ झाली! पिवळे आत, हिरवे बाहेर. नेव्हिलने तर आधी मिसेस रॉडांचा हिरवा आणला, मग आपला. डबा सरळ करायला दोन्ही हात लागतात, म्हणून हातातलं क्षणभर झाकणावर ठेवलं. तेवढ्यात मिसेस रॉडांचा पिवळा वाटेत उभा दिसला, म्हणून तो ढकलायला धावला.

गाडीने लोखंडी हात पुढे केला, त्याचा डबा उचलला, पालथा केला, ठेवला आणि पुढे गेली.

नेव्हिल कपाळ पुसत समाधानाने उभा राहिला. आणि दूर जाणाऱ्या गाडीच्या पोटात कुकाबरा खदाखदा हसू लागला. 'फोन कुठे ठेवलास ते बघ.'

मिसेस रॉडांनी विणकाम काखेत मारलं, गाडीकडे पाहिलं, नेव्हिलकडे पाहिलं, आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, "पळ, नेव्हिल बाळा, पळ तिच्यामागे. आणि येताना ती पेन्सिलही घेऊन ये."