सगळ्या तारांना अडीच मिलिमीटर

गुणवंतराव देवस्थळींनी मुलाच्या गिटारला स्क्रूड्रायव्हर लावायचं ठरवलं, तेव्हा घरात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. (सुनंदाताई होत्या. पण त्या स्वयंपाकघरात होत्या, आणि तेवीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरातून आलेली सूचना गुणवंतरावांनी ऐकून घेतल्याचं कोणाच्या स्मरणात नाही.) साल सत्त्याण्णव, गणेशोत्सवाचा चौथा दिवस, स्थळ फरीदाबादेतल्या एका सेक्टरमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आता हा माणूस कामाच्या दिवशी भर दुपारी घरी काय करत होता, ते आधी सांगितलं पाहिजे. गुणवंतराव मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. बावीस वर्षं. बावीस वर्षांत आपल्या हातून एकही खराब नग पास झाला नाही, हे ते इतक्यांना इतक्या वेळा सांगत की तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या शेजारची खुर्ची सहसा रिकामीच असे. मग देशाचे दरवाजे उघडले, कारखान्यात परदेशी भागीदार आले, माल दुप्पट निघू लागला आणि एक अख्खा लॉट गुणवंतरावांनी नापास केला. वरून निरोप आला, देवस्थळी, ॲडजस्ट करा. यांनी केलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुरलीधरने केलं. आज मुरलीधर गुडगावच्या नव्या ऑफिसात काचेच्या केबिनमध्ये बसतो, कंपनीची गाडी त्याला घ्यायला येते, आणि गुणवंतराव स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भरून घरी बसलेत. स्वेच्छा नक्की कोणाची, हा रकाना त्या फॉर्मवर नसतो.

तेही त्यांनी पचवलं असतं. पण फॉर्म भरला त्या रात्री जेवताना त्यांचा मुलगा अनुराग, वय वर्षं एकोणीस, बी.कॉम. सेकंड इयर, आमटी ओरपत म्हणाला, "बाबा, मुरलीधरकाकांना बघा. तुम्हाला ना यार, काही जमतच नाही." रागाने म्हणाला असता तर गुणवंतरावांनी आवाज चढवून उत्तर दिलं असतं. पण पोरगं उद्या ऊन पडेल म्हणावं तसं सहज म्हणालं, आणि ते जिव्हारी लागलं. त्यानंतर दोन महिने बापलेकांत "येतो" आणि "खाऊन आलोय" याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. गुणवंतरावांना जगात आता एकच गोष्ट हवी होती. पोराने एकदा, फक्त एकदा येऊन म्हणावं, बाबा, हे जरा बघता का?

पोरगं तसं म्हणालं नाही. पण त्या दुपारी ते फोनवर मित्राला सांगत होतं, "अरे, जाडी स्ट्रिंग एवढी बूम करते ना, आणि पतली वाली तर ऐकूच येत नाही. शाम को कॉम्पिटिशन आहे, कधी सेट करू?" मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी तरुणांच्या बँडची स्पर्धा होती. फोन ठेवून अनुराग स्टेजची मांडामांड करायला गेला, गिटार पलंगावर ठेवून. साडेचारला ती न्यायला येणार होता.

गुणवंतरावांनी कपाटातून हत्यारांची पेटी काढली.

ही बास गिटार म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात सुदैवाने ती नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला चार तारा. वरची दोरीएवढी जाड, मग एकेक बारीक होत जातात. तारांखाली एक काळी पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. पट्टीत लोहचुंबक असतं. तार हलली की पट्टी तिचा आवाज पकडते आणि वायरीतून मोठ्या डब्याकडे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे पाठवते. पट्टीच्या दोन टोकांना दोन स्क्रू. सैल केला की पट्टी तारेच्या जवळ येते आणि आवाज वाढतो, घट्ट केला की पट्टी खाली जाते आणि आवाज कमी होतो. एवढंच शास्त्र.

गुणवंतरावांनी ते पाच मिनिटांत ओळखलं (डोकं होतंच हो, त्याबद्दल वाद नाही) आणि सहाव्या मिनिटाला त्यांना दोषही सापडला. पट्टी आणि तारा यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं नव्हतं. अंतर असमान, म्हणून आवाज असमान. त्यांनी फट मोजायची पोलादी पाती आत सरकवली. ती चुंबकाला टपकन चिकटली आणि निघेना. मग त्यांनी प्लास्टिकची फूटपट्टी घेतली, तिची जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली, अडीच मिलिमीटर भरली, आणि चारही तारांखाली ती अलगद सरकेल इतकी पट्टी बसवली. सगळ्या तारांना अडीच मिलिमीटर. मग डब्याचं बटण दाबून त्यांनी जाड तार छेडली.

स्वयंपाकघरात मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या. बारीक तार छेडली, तर ती कोपऱ्यातल्या डासासारखी वाजली.

"अहो, ती पहिली फार दणकतेय," आतून सुनंदाताई म्हणाल्या.

"माप अडीच आहे. चारींचं."

"असेल. पण दणकतेय."

"अगं, अंतर समान असेल तर आवाज समान येणारच."

"पण येत नाहीये ना."

गुणवंतरावांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अडीच. पुन्हा वाट्या थरथरल्या. असं पाच वेळा झालं. चूक मापात नव्हती, त्यामुळे ती गिटारीत असली पाहिजे, आणि गिटारीत नसली तर सुनंदाच्या कानात, अशा निष्कर्षाला ते येत होते, तेवढ्यात त्या स्वतःच बाहेर आल्या. हाताला मोदकाची उकड लागलेली.

सुनंदाताई लग्नाआधी पुण्यात नऊ वर्षं गाणं शिकल्या होत्या. लग्न होऊन दिल्लीला निघाल्या तेव्हा सासरच्या सामानात तंबोऱ्याला जागा नव्हती, म्हणून तो धाकट्या बहिणीकडे, नीलाकडे गेला. नीलाने त्याचं पुढे काय केलं ते कोणी विचारलं नाही. पण चार तारा जुळवायचं काम ज्या हातांनी नऊ वर्षं केलं, ते हात उकड मळून थोडेच विसरतात?

"तार जाड आहे, ती मुळातच मोठ्याने बोलणार," त्या म्हणाल्या. "पट्टी तिच्यापासून लांब घ्या. बारकीच्या जवळ न्या."

"म्हणजे तिरकी? अगं, तिरकी बसवायची?"

"बसवा तर."

त्या पलंगावर बसल्या आणि डोळे मिटून एका बोटाने तारा छेडू लागल्या. "जाडीकडचा घट्ट करा. अजून. थोडा मागे. आता बारकीकडचा सैल. बस. नाही, हात लावू नका आता." सात मिनिटं लागली. चारही तारा एका घरातल्या बहिणींसारख्या बोलू लागल्या, एकीने दुसरीला झाकलं नाही. गुणवंतरावांनी मग माप घेतलं. एका टोकाला चार मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम दोन. असा नग त्यांनी लाल शिक्का मारून परत पाठवला असता.

तेवढ्यात अनुराग आला. गिटार उचलली, बटण दाबलं, वरून खालपर्यंत चारी तारांवर बोटं फिरवली आणि थांबला. पुन्हा फिरवली.

"हे कोणी केलं?"

"मी," गुणवंतराव म्हणाले.

(आपण "आम्ही" म्हणणार होतो, असं ते आजही सांगतात. एक अक्षर घाईत राहिलं म्हणे.) सुनंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ पाहिलं, आणि "उकड गार होतेय," म्हणून आत गेल्या.

"बाबा, बिल्कुल परफेक्ट यार," अनुराग म्हणाला. "चला ना तुम्ही पण. तिथे काही हललं तर जरा बघाल?"

दोन महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं आयतं दारात आलं. गुणवंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि फूटपट्टी खोचली आणि पोराच्या मागे स्कूटरवर बसले. सुनंदाताई मोदकांचा डबा घेऊन मागून रिक्षाने आल्या.

हॉलमध्ये स्टेजच्या मागे अनुराग ज्याला त्याला सांगत होता, "माझ्या बाबांनी सेट केली. क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत." आहेत म्हणाला, होते नाही. गुणवंतरावांनी शर्टाची कॉलर सरळ केली. आणि तिथेच घात झाला. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या सरकारी क्वार्टरमधल्या मुलांचा बँड दिल्लीहून आला होता. त्यांचा बास वाजवणारा राघव अदबीने पुढे आला.

"काका, माझीपण बघता का? जाडी तार फार बूम करते."

"बघतील ना," अनुराग म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे त्यांचं."

गुणवंतराव "आलोच" म्हणून जे निघाले ते थेट बायकांच्या तिसऱ्या रांगेत.

"सुनंदा, जरा मागे चल."

"कशाला?"

"एक गिटार आहे. तुझा कान पाहिजे."

"अहो, मला त्यातलं काय कळतं?" सुनंदाताई स्टेजकडे बघत म्हणाल्या. "तुम्हीच केलीत ना घरी?"

"अगं, ते तसं नाही. मी सांगणार होतो."

"मग सांगा. तो काय, पडद्याजवळच उभा आहे."

गुणवंतरावांनी पडद्याकडे पाहिलं. पोरगं हसत हात हलवत होतं, इकडे या म्हणून. ते तसेच परत गेले.

मागे गिटार लावून बघायला ॲम्प्लिफायरचा डबा नव्हता, तो स्टेजवर. कान नव्हता, तो तिसऱ्या रांगेत. राहता राहिली फूटपट्टी. ती मात्र खिशात होती, अडीच मिलिमीटर, तीन ठिकाणी मोजलेली. दुपारचा सगळा अनुभव पुसून गुणवंतरावांचा हात बावीस वर्षांच्या सवयीवर गेला. चारही तारांखाली फूटपट्टी नीट सरकली. दिसायला काम इतकं सुरेख झालं की राघवने वाकून नमस्कार केला. पण त्या गिटारीच्या तारा मुळात सैल होत्या, आणि हे माप होतं थांबलेल्या तारेचं. तार वाजवली की हलते, हे क्वालिटी कंट्रोलच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.

अनुरागचा बँड आधी वाजला. छान वाजला. बास असा चारी तारांनी भरून आला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही ठेका धरला. मग दिल्लीची मुलं आली. राघवने पहिला फटका मारला आणि हॉलच्या ट्यूबलाइटा हलल्या. जाड तार गोठ्यातल्या म्हशीसारखी हंबरली, खाली पट्टीवर आपटून टक टक करू लागली, आणि बाकीच्या तिघी तिच्याखाली गाडल्या गेल्या. परीक्षक चंद्रप्रभाबाईंनी एका हाताने कान धरला आणि दुसऱ्या हाताने मार्क लिहिले. राघव बिचारा बटणं पिळत राहिला. गाणं कसंबसं संपलं.

गुणवंतराव भिंतीला टेकून उभे होते. बावीस वर्षांत पहिला खराब नग त्यांच्या हातून पास झाला होता, तोही दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात. त्यांना मनापासून वाईट वाटलं. चंद्रप्रभाबाईंकडे जाऊन सांगायचं, चूक त्या मुलाची नाही, माझी आहे, त्याला पुन्हा वाजवू द्या, असं त्यांनी ठरवलं. चार पावलं टाकलीही. तोवर माईकवर निकाल जाहीर झाला. पहिला नंबर फरीदाबाद.

अनुराग स्टेजवरून उडी मारून आला आणि त्याने बापाला मिठी मारली. असं त्याने चौथीत असताना शेवटचं केलं होतं.

"बाबा, मानलं तुम्हाला," तो कानात म्हणाला. "काय पत्ता कापलात त्याचा यार. आणि तो नमस्कार करत होता तुम्हाला."

"अरे, काय बोलतोस? मी मुद्दाम नाही केलं."

"हो हो, बिल्कुल नाही." त्याने डोळा मारला. "मला उगाच वाटायचं, तुम्हाला हे सगळं येतच नाही. मुरलीधरकाका तर काहीच नाहीत तुमच्यापुढे."

शेजारून राघव गिटार खांद्याला लावून जात होता. "थँक्यू काका," तो म्हणाला, खाली मान घालून, आणि गेला.

गुणवंतरावांपुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर पोराच्या लेखी ते पुन्हा गाढव ठरत होते, आणि दुपारचं ते "मी" सुद्धा उघडं पडत होतं. गप्प बसलं तर लबाड ठरत होते, पण पोराचा हात खांद्यावर राहत होता. ते गप्प बसले. अनुराग मित्रांबरोबर छोले-भटुरे खायला गेला, जाताना चारचौघांत "माय डॅड" म्हणून ओळख करून देत.

सुनंदाताई रिकामा डबा घेऊन स्कूटरपाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सुनंदा," किल्ली हातात फिरवत गुणवंतराव म्हणाले, "मी उद्या त्याला सगळं खरं सांगणार आहे. माझा पोरगा मला लबाड समजतोय."

सुनंदाताई मागे बसल्या, पदर नीट केला, डबा मांडीवर घेतला.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "निदान तुम्हाला काहीतरी येतं असं वाटतंय त्याला."