कुबड्यांच्या संस्थेतला प्रशासकीय खर्च

दान देणाऱ्याला समाधान ताबडतोब मिळतं. दान ज्याच्यासाठी असतं त्याच्यापर्यंत ते पोचायला मात्र जरा वेळ लागतो, कारण मध्ये संस्था असते. संस्था नसती तर दान थेट पोचलं असतं, आणि मग त्याचा रंगीत अहवाल कुणी छापायचा, हा गंभीर प्रश्न उभा राहिला असता.

ज्या संस्थेची ही हकिकत आहे ती गरजूंना मोफत कुबड्या देत असे. तिथे एकोणतीस माणसं कामाला होती, आणि त्यांपैकी कुबड्या करणारा माणूस एक होता. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ते लागले तेव्हा त्यांचं काम तळमजल्यावरच्या रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत चाले. पुढे तिथे स्वागतकक्ष आला, कारण देणगीदाराने आत पाऊल टाकताच त्याला भुसा दिसणं बरं नव्हे. मिस्त्री मागच्या खोलीत गेले. तिथे संवादविभाग आला आणि मिस्त्री जिन्याखाली गेले. जिन्याखाली उभं राहून रंधा मारता येत नाही, म्हणून ते बसून मारत. (अहवालात ‘जागेचा काटकसरीने वापर’ या मथळ्याखाली याचा गौरवाने उल्लेख आहे.)

संस्थेचे कार्यकारी संचालक अतिशय सज्जन होते. स्वतःचा पगार ते स्वतः ठरवत नसत. त्यासाठी तिघांची समिती होती. समितीची पद्धत शास्त्रीय होती. इतर चार संस्थांचे संचालक काय घेतात ते पाहायचं आणि आपल्या संचालकांना त्याहून थोडं जास्त द्यायचं, म्हणजे गुणी माणूस टिकतो. त्या चार संस्थांच्या समित्याही हेच करत. त्यामुळे पाचही पगार, कुणी बोटसुद्धा न लावता, दरवर्षी आपोआप वर सरकत. एकदा लाकूड चिकटवायचा सरस वाळेपर्यंत हात रिकामे होते म्हणून मिस्त्रींनी हिशेब मांडून पाहिला, तेव्हा संचालकांचा महिन्याचा पगार चारशे साठ जोड कुबड्यांएवढा भरला. मिस्त्रींचा स्वतःचा नऊ जोडांएवढा होता. (संस्थेच्या लेखापद्धतीत कुबडी हे चलन मानलेलं नाही, सबब हे आकडे अधिकृत धरू नयेत.)

त्या वर्षी लाभार्थींची संख्या एक्केचाळीस हजारांवर गेली. तीनशे बारा जणांना कुबड्या मिळाल्या होत्या. उरलेले जागृतीचे लाभार्थी होते, म्हणजे संस्थेचा फलक टांगलेल्या पुलाखालून गेलेले लोक. संध्याकाळी त्याच वाटेने घरी परतणाऱ्यांना पुन्हा मोजलं होतं, कारण जागृती एकदा करून टिकत नाही.

सगळं असं छान चाललेलं असताना, देणगीदारांच्या सोयीसाठी संस्थांना तारे देणाऱ्या एका मंडळाने नवा नियम काढला. ज्या संस्थेचा प्रशासकीय खर्च दहा टक्क्यांच्या वर असेल, तिचा एक तारा जाणार. आपल्या संस्थेचा अडतीस टक्के होता. संचालकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सल्लागार नेमला. (त्याचं मानधन ‘क्षमताबांधणी’त गेलं. ती प्रशासकीय नसते.)

सल्लागाराने तीन आठवडे ठाण मांडून प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारला: यातून समाजात जागृती होते का? संचालक जातील तिथे कुबड्यांचा विषय काढत, म्हणून त्यांचा पगार जागृती. गाडी त्यांना विषय काढायच्या ठिकाणी नेऊन सोडत असे, म्हणून गाडीही जागृती. समुद्रकाठच्या हॉटेलातली परिषद, तिथलं जेवण आणि जेवणाआधी पेल्यांतून जे काही दिलं गेलं ते, सगळी जागृतीच. संवादविभाग तर नुसत्या नावावर सुटला. शेवटी जिन्याखालचं विजेचं बिल, करवतीला धार लावायचा खर्च आणि मिस्त्री एवढंच उरलं. मिस्त्री दिवसभर तोंडात पेन्सिल धरून काम करत, त्यामुळे त्यांच्याकडून कसलीही जागृती होत नव्हती. ते प्रशासकीय ठरले.

ही बातमी सांगायचं काम हिशेबनीस बाईंकडे आलं. त्यांनी मिस्त्रींना वर बोलावलं.

“बसा ना, मिस्त्री.”

“दिवसभर बसूनच असतो, बाई. बोला.”

“तुम्ही प्रशासकीय निघालात.”

“मी सुतार आहे.”

“ते खरंच आहे हो. पण कागदावर तुम्ही प्रशासकीय खर्च आहात. आणि तो खर्च कमी करायचाय.”

“म्हणजे पगार कमी होणार?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “पगार नाही,” त्या म्हणाल्या, “तुम्ही.”

पगाराचा विचार मिस्त्रींच्या मनात पुढे रात्री यायचा होता. त्या क्षणी त्यांना आठवली ती जिन्याखाली ठेवलेली अर्धवट जोडी. नऊ वर्षांची एक मुलगी होती. दर सहा महिन्यांनी तिची उंची वाढे आणि कुबड्या आखूड पडत. या खेपेला त्या चार बोटं आखूड पडल्या होत्या आणि पोर एखाद्या म्हातारीसारखी कंबरेत वाकून चालत होती. मंगळवारी मिस्त्रींनी माप घेतलं होतं आणि तिच्या आईला आठ दिवसांनी यायला सांगितलं होतं.

ते तसेच संचालकांच्या खोलीत गेले. संचालकांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. हा माणूस खरोखरच वाईट नव्हता.

“मिस्त्री, मला किती वाईट वाटतंय म्हणून सांगू. गेल्या परिषदेत मी तुमच्याबद्दल बोललो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.”

“साहेब, त्या पोरीची जोडी अर्धी झालीय. तेवढी पुरी करून जातो.”

“भावना समजते मला. पण नव्या धोरणात आपण कुबडीकडे उपाय म्हणून बघत नाही. आपण प्रश्नाच्या मुळाशी जातोय.”

“तिला शाळेत जायचंय साहेब. मुळाशी नाही.”

संचालकांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. (पुढच्या भाषणात त्यांनी ते वापरलं आणि सभागृह गहिवरलं.) अर्धवट जोडी मात्र मिस्त्रींना नेता आली नाही, कारण ती संस्थेची मालमत्ता होती. ती पॉलिश करून स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवण्यात आली आणि खाली पाटी लागली: ‘एक प्रवास’.

मिस्त्रींचा निरोपसमारंभ थाटात झाला. त्यावर त्यांच्या सात महिन्यांच्या पगाराएवढा खर्च झाला. तो ‘कारागिरांचा सन्मान’ या सदरात पडला. मिस्त्रींना चौकटीत बसवलेलं मानपत्र मिळालं. चौकटीचा एक सांधा नीट बसलेला नव्हता, एवढंच त्यांना भाषणं चालू असताना दिसत राहिलं.

घरी बायकोने मानपत्र उलटसुलट करून पाहिलं. “आता काय करणार?”

“जोडी पुरी करणार.”

“ती तर त्यांनी कपाटात ठेवलीय म्हणालात.”

“दुसरी करीन. माप पाठ आहे.”

बायकोने कपाळाला हात लावला, पण मागच्या खोलीतली पेटी आणि गाद्या तिनेच हलवून जागा करून दिली. नोकरीचा हिशेब होऊन मिळालेल्या पैशांतून मिस्त्रींनी लाकूड आणलं. सकाळी ते सोफ्यांचे पाय करत, त्यावर घर चाले; दुपारनंतर कुबड्या. कैक वर्षांनी ते उभं राहून रंधा मारत होते. पहिले दोन दिवस पाठ दुखली, मग सवय झाली.

मिस्त्रींच्या घराचा पत्ता हिशेबनीस बाईंनी त्या मुलीच्या आईला गुपचूप दिला होता. आई मुलीला घेऊन आली. मुलीने नव्या कुबड्या काखेत घेतल्या, दारापर्यंत गेली आणि पायांकडे न बघता वळून परत आली. आईने विचारलं, “कुठे सही करायची? फोटो कुठे काढायचा?” मिस्त्री म्हणाले, “काही नाही. सहा महिन्यांनी आण, वाढेल ती.” त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले.

महिनाभरात दारात अकरा माणसं थांबलेली असत आणि लाकूड संपत आलं होतं. अशा वेळी एक गृहस्थ आले. सुशिक्षित, मृदू बोलणारे, कमावलेल्यातला वाटा दरवर्षी नेमाने दुसऱ्याला देणारे. त्यांनी तासभर बसून सगळं पाहिलं. एक म्हातारा नव्या कुबड्यांवर पायऱ्या उतरून गेला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चेकबुक काढलं.

“पावती मिळेल ना?”

“पावतीपुस्तक नाही, साहेब.”

“हरकत नाही. नोंदणी असेलच.”

“नाही.”

“वार्षिक अहवाल? थोडक्यात असला तरी चालेल.”

मिस्त्रींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पेन्सिलीने सगळ्यांची मापं लिहिलेली होती.

गृहस्थांनी ती आस्थेने वाचली. “राग मानू नका, पण पैसा देताना विचारावं लागतं. तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के आहे?”

मिस्त्री हाडाचे प्रामाणिक. प्रशासकीय खर्च म्हणजे कोण, हे त्यांना रीतसर समजावून दिलेलं होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांच्याशिवाय तिथे काम करणारं कुणीच नव्हतं.

“शंभर,” ते म्हणाले.

गृहस्थांनी चेकबुक मिटलं. मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “काम मोठं आहे तुमचं,” आणि ते मनापासून म्हणाले. घरी जाऊन त्यांनी नीट चौकशी केली, तारे पाहिले, टक्केवाऱ्या ताडून पाहिल्या. त्यांना एक संस्था सापडली. कुबड्यांचंच काम, चार तारे, प्रशासकीय खर्च फक्त दोन टक्के. त्यांनी तिथे ठरवल्यापेक्षा दुप्पट रक्कम पाठवली आणि त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली.

त्यांना हसण्यासारखं यात काही नाही. पैसा कुठे जातो ते न पाहता देणं हा बेजबाबदारपणा आहे, आणि ते तुमच्यासारखेच जबाबदार आहेत. संस्थेची पावती चार दिवसांत आली, सोबत आभाराचं पत्र आणि रंगीत अहवाल. अहवाल चाळून त्यांनी रद्दीत टाकला. पावती मात्र कराच्या कागदांच्या फायलीत जपून लावली. तुमचीही तिथेच असेल.